आपलंही ऐकून घ्यायला कुणी हवं

"तुला कशाला हवं समुपदेशन? तू तर दुसऱ्यांना सल्ला देतेस!"

मी एका खाजगी मानसशास्त्रज्ञाकडे जायला लागले हे कळल्यावर संघटनेतली एक जुनी मैत्रीण असं म्हणाली. तिचा हेतू वाईट नव्हता. पण या एका वाक्यात आपल्या चळवळीतला मोठा गैरसमज दडलेला आहे, म्हणून हे लिहिते आहे.

गेली बावीस वर्षं मी आमच्या तालुक्याच्या गावी सल्ला केंद्रात बसते. मारहाण, संशय, दारू, पोटगी, सगळं ऐकते. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे आलेल्या एका मुलीचा आम्ही समेट घडवून आणला. नवऱ्याने, सासऱ्याने लिहून दिलं. मीच तिची समजूत घातली आणि एस.टी.त बसवून दिलं. चार महिन्यांनी ती विहिरीत सापडली. पोलीस स्टेशन, पंचनामा, मोर्चा, जे करायचं ते आम्ही केलं. केस अजून कोर्टात आहे. मोर्चात सर्वांत मोठ्या आवाजात घोषणा मीच देत होते. पण रात्री तीनला जाग यायची आणि एस.टी.च्या खिडकीतला तिचा चेहरा समोर यायचा. केंद्रात समोरची बाई बोलत असली तरी तिचे शब्द माझ्या आत पोचेनात. एक दिवस एकीवर मी ओरडले, "मग सोड ना त्याला एकदाची!" ती उठून गेली, पुन्हा आली नाही. तेव्हा मला कळलं की आता मलाच कुणाकडे तरी जायला हवं.

पहिल्यांदा गेले ते जिल्ह्याच्या गावी. तिथल्या गृहस्थांनी वीस मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "तुम्ही बाहेरचं फार अंगावर घेता. घराकडे, मिस्टरांकडे थोडं लक्ष द्या, झोप लागेल." हे तर माझ्या सासूबाईही सांगत आल्या आहेत, आणि त्यांनी कधी फी घेतली नाही! मी परत गेले नाही. आपल्यापैकी अनेकजणी इथेच थांबतात आणि 'हे सगळं असंच असतं' म्हणतात. मैत्रिणींनो, थांबू नका. शिलाई बिघडवणारा शिंपी आपण बदलतो. मग मन ज्याच्यापुढे उघडं करायचं तो माणूस बदलायला संकोच कसला?

दुसऱ्या बाई पुण्यात भेटल्या. पहिल्या भेटीत काय होतं ते सांगते, कारण न जाण्यामागे निम्मी भीती माहिती नसण्याची असते. आधी एक फॉर्म भरला. मग झोप, भूक, औषधं, घरात कोण कोण, पूर्वी कधी असा त्रास झाला होता का, जीव द्यावासा वाटतो का, असे प्रश्न. शेवटचा प्रश्न ऐकून मी दचकले. नंतर कळलं की तो विचारायलाच हवा. विचारल्याने तसा विचार मनात पेरला जात नाही, उलट बोलायला वाट मिळते. पन्नास मिनिटं झाली आणि वेळ संपली. सल्ला एकही मिळाला नाही. मी वैतागले. बावीस वर्षं मी तासाभरात तोडगा काढत आले, आणि या बाई म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यात इथूनच सुरू करू."

दुसऱ्या-तिसऱ्या भेटीनंतर मला बरं वाटण्याऐवजी जास्तच वाईट वाटलं. येताना एस.टी.त रडले. असं होऊ शकतं. दाबून ठेवलेलं वर येताना दुखतंच. हे त्यांना सांगायचं, मुकाट्याने जाणं बंद करायचं नाही. मात्र दोन-तीन महिन्यांनीही काहीच हलत नसेल, तर तसं स्पष्ट विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

प्रश्न विचारणं हा तर आपला जुना धर्म! रेशन दुकानदाराला, फौजदाराला जाब विचारणाऱ्या आपण या खोलीत मात्र 'डॉक्टर म्हणतील तसं' म्हणून गप्प बसतो. पहिल्याच भेटीत विचारा: तुमचं शिक्षण काय? फी किती, न आल्यास घेणार का, सवलत आहे का? माझ्याविषयी काय लिहून ठेवता, ते कोण वाचतं? घरच्यांनी फोन केला तर काय सांगाल? क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्या व्यक्तीची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असायला हवी. मानसशास्त्रात एम.ए. करून समुपदेशन करणाऱ्या अनेकजणींची नोंद तिथे असेलच असं नाही, पण त्यांनी आपलं प्रशिक्षण आणि अनुभव सांगायला हवा. मानसशास्त्रज्ञ औषध लिहून देत नाहीत, ते काम मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांचं. त्यांच्याकडे पाठवलं म्हणजे आपण 'वेड्या' ठरलो असं नाही.

आणि एक प्रश्न खास आपला: "मी नवऱ्याचं घर सोडायचं ठरवलं तर तुम्ही काय म्हणाल?" उत्तर 'तुमचा निर्णय तुम्ही घ्याल, मी विचार करायला सोबत असेन' या वळणाचं असेल तर बसा. 'संसार टिकवायला हवा' असं असेल तर चप्पल घाला.

बायकांना मोठी भीती असते ती कागदाची. उद्या घटस्फोटाच्या, मुलांच्या ताब्याच्या दाव्यात 'हिच्यावर मानसिक उपचार चालू होते' हे नवऱ्याच्या वकिलाने बाहेर काढलं तर? ही भीती खोटी नाही, असे युक्तिवाद आपण ऐकलेले आहेत. म्हणून कायदा माहीत हवा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ ने गोपनीयतेचा हक्क दिला आहे. नवरा फी भरतो म्हणून त्याला काही ऐकण्याचा अधिकार मिळत नाही. याच कायद्याच्या कलम ३ नुसार, मानसिक आजार असल्याचं निदान झालं एवढ्यावरून कोणी 'अस्थिर मनाची' ठरत नाही, ते फक्त सक्षम न्यायालय ठरवू शकतं. गोपनीयतेला मर्यादाही आहेत: कुणाच्या जिवाला धोका असेल तेव्हा, किंवा न्यायालयाचा आदेश असेल तेव्हा. मुलांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ती पोलिसांना कळवावीच लागते. चांगल्या समुपदेशक या मर्यादा पहिल्याच दिवशी सांगतात.

काही मैत्रिणींचा आक्षेप वेगळा आहे. बाईचं दुःख व्यवस्थेतून येतं, ते बंद खोलीत नेलं की लढा थंडावतो, असं त्या म्हणतात. 'जे व्यक्तिगत तेच राजकीय' हे आपणच शिकवलं ना! हे मला मान्य आहे. पण माझा अनुभव सांगते. समेट करायला लावणारी मी एकटी नव्हते. माहेरचा बंद दरवाजा होता, राहायला जागा नव्हती, पोलिसांनी तक्रार नोंदवायला केलेली टाळाटाळ होती. हे मला मोर्चात पाठ होतं, पण मनाला पटलं ते त्या खोलीत. तिथे माझी जबाबदारी किती आणि व्यवस्थेची किती, हे वेगळं करता आलं. माझी होती तेवढी मी घेतली. आता आमच्या केंद्रात, जिवाला धोका आहे का हे नीट विचारल्याशिवाय, आणि परत यायची वाट मोकळी ठेवल्याशिवाय आम्ही कुणालाही समेटाला बसवत नाही. लढा थंडावला नाही, शहाणा झाला.

राहिला पैशाचा प्रश्न. मला एका भेटीला हजार रुपये पडतात, शिवाय एस.टी. आणि बुडालेला दिवस. आमच्या केंद्रात येणाऱ्या शेतमजूर बाईला हे कसं जमणार? खाजगी उपचार हे उत्तर नव्हेच. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून आहे. आपल्या जिल्हा रुग्णालयात मानसशास्त्रज्ञाची जागा भरलेली आहे का, हे विचारायला शिष्टमंडळ न्यायला हवं. १४४१६ ही 'टेलिमानस'ची मोफत सरकारी सेवा २०२२ पासून चालू आहे, मराठीतही बोलता येतं. तो नंबर प्रत्येक केंद्राच्या भिंतीवर हवा.

आणि एक मागणी आपली आपल्याकडेच. प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात आपण प्रवासखर्च धरतो, चहापाणी धरतो. रोज दुसऱ्यांची दुःखं ऐकणाऱ्या कार्यकर्तीसाठी, तिचं ऐकून घेणाऱ्या कुणाची फी का धरत नाही? आमच्या संघटनेत मी हा ठराव मांडला आहे. अजून मंजूर झालेला नाही. त्या जुन्या मैत्रिणीने विरोध केला, पण बैठक संपल्यावर हळूच मला त्या बाईंचा पत्ता विचारला.