ट्रेमोलोवरचा खोटा खटला

लेस पॉल किंवा तिच्यासारख्या स्थिर ब्रिजच्या गिटारला ट्रेमोलो, म्हणजे सूर हलवणारी दांडी, लावू का, असं कुणी विचारलं की जाणकारांचं उत्तर ठरलेलं असतं: नको, गिटार सुरात राहणार नाही. मग आणखी दोन कलमं जोडली जातात. आवाजाचं वजन जातं, आणि सूर हलवायला बोटं आहेतच की!

पहिलं कलम सर्वांत जड, म्हणून आधी त्याचाच समाचार घेऊ. ट्रेमोलो नसलेल्या लेस पॉलवर G ची तार चांगली ओढून सोडा आणि ट्यूनर बघा. बऱ्याचदा ती किंचित उतरलेली दिसेल. त्याच गिटारला बिग्सबी हा ट्रेमोलो बसवून दांडी दाबून सोडा. आता तीच तार किंचित चढलेली. गुन्हे दोन, गुन्हेगार एकच, आणि तो ब्रिजकडे नाही, नटपाशी बसलाय. लेस पॉलच्या हेडस्टॉकवर खुंट्या दोन्ही बाजूंना तीन-तीन असतात, त्यामुळे मधल्या D आणि G या तारा नटमधून निघताच बाहेरच्या अंगाला वळतात. खाच अरुंद असेल तर तार तिथं अडकते. ओढली की खुंटीकडची थोडी पुढे सरकते आणि मागे फिरत नाही. ढिली केली की नेमकं उलटं. ट्यून करताना ‘टिंग’ असा आवाज येतो ना, तो ही अडकलेली तार एकदम सुटल्याचा. खाच तारेच्या जाडीप्रमाणे नीट घासून घ्यावी, तिच्यात पेन्सिलीचं शिसं चोळावं. बरीचशी तक्रार तिथंच मिटते. हे न करता ट्रेमोलोला दोष देणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

आवाजाच्या वजनाबद्दल फार बोलायला नको. नील यंगची ‘ओल्ड ब्लॅक’ ही 1953 ची लेस पॉल आहे, तिला बिग्सबी आहे, आणि तिचा आवाज पातळ आहे असं म्हणणारा मला अजून भेटायचाय.

तिसऱ्या कलमात मात्र थोडं तथ्य आहे. बी. बी. किंगनं नुसत्या डाव्या हाताच्या कंपनावर आयुष्य काढलं आणि त्याला दांडीची उणीव कधी भासली नाही. पण पडद्यावर दाबलेली तार बाजूला ओढली की सूर चढतोच, दाबल्या सुराच्या खाली जात नाही. सतारीची मींडही याच नियमानं ओढली जाते. दांडी सूर खालीही नेते आणि अख्खी कॉर्ड एकदम डोलवते. सगळ्या तारा सारख्या प्रमाणात उतरत नाहीत हे खरं, पण संथ गाण्यात शेवटची कॉर्ड विरताना ती थोडीशी विसंगतीच गोड लागते. जेफ बेकचं 1989 चं ‘व्हेअर वेअर यू’ ऐका. दांडी काढून घेतली तर त्या चालीत उरेल काय?

तेव्हा माझं म्हणणं असं: लावा, पण लाकूड कोरू नका. लेस पॉलच्या टेलपीसच्या मूळ भोकांवर बसणारी व्हायब्रामेटची पट्टी मिळते, तिच्यावर बिग्सबी चढतो. मन बदललं तर सगळं काढून जुना टेलपीस परत लावता येतो. ब्रिज जागचा हलत नाही, म्हणून तळहात टेकवून वाजवलं तरी सूर ढळत नाही. तारा बदलणं मात्र कटकटीचं. तारेचा गोळा बारीक खिळ्यात अडकवून ठेवेपर्यंत तो दोनदा तरी निसटतो. टोक आधीच पेन्सिलीभोवती वाकवून घेतलं तर हात कमी शिव्या देतो.

फ्लॉइड रोझ ट्रेमोलोसाठी चांगली गिटार फोडायला माझा साफ विरोध आहे. तिथं एक तार तुटली की स्प्रिंगांचा जोर वरचढ होतो आणि उरलेल्या पाचही चढतात. बिग्सबीनं सूर फारसा खाली जात नाही हे मात्र खरं. म्हणून खोल बुडी मारायची हौस असणाऱ्यानं ती सोय कारखान्यातूनच घेऊन आलेली दुसरी गिटार घ्यावी. आणि दोन गाण्यांच्या मध्ये खालची E तार D वर उतरवणाऱ्यानं तर स्थिर ब्रिजलाच चिकटून राहावं.