दार उघडे, उंबरठा मात्र उंच

देवळाच्या अंगणातील पावणी ज्याने एकदा पाहिली आहे, त्याला जाहीर व्यवहार म्हणजे काय हे वेगळे शिकवावे लागत नाही. बोली चढत जाते, ती साऱ्यांच्या कानांवर पडते आणि शेवटचा आकडा कोणी उच्चारला याला सारा गाव साक्षी असतो. बाजारातील सोपो वसूल करण्याचा ठेका देताना आमच्या पंचायती आणि नगरपालिकाही याच मार्गाने जातात. सरकारी निविदा ही तत्त्वतः या पावणीचीच उलटी आवृत्ती होय. पावणीत सर्वांत अधिक देणारा जिंकतो, निविदेत सर्वांत कमी मागणारा. परंतु पावणी उघड्यावर होते आणि निविदा पूर्वी बंद लिफाफ्यात होत असे, आता ती संगणकाच्या पडद्याआड होते. या पडद्यापाशी येऊनच आमच्या गावचा सुतार, कुंडई-मडकईचा लहान कारखानदार आणि महिलांचा बचत गट माघारी वळतो.

प्रश्न क्षुल्लक नाही. शाळेची बाकडी, इस्पितळाच्या चादरी, पंचायतीचे पथदीप, कार्यालयांची सफाई, छपाई, माध्यान्ह आहार या साऱ्यांवर जो पैसा खर्च होतो तो करदात्यांचा आहे. गोव्यात १९१ ग्रामपंचायती आहेत. त्यांच्या जोडीला नगरपालिका, जिल्हा पंचायती, राज्याची खाती, आणि वास्कोत गोवा शिपयार्डसारखा केंद्र सरकारचा मोठा उपक्रम. यांतील प्रत्येकजण वर्षभर काही ना काही विकत घेत असतो. हा पैसा गावातील कारागिराच्या हाती पडला तर त्यावर चार घरे चालतात. गोमंतकीय म्हणून महाग आणि निकृष्ट माल गळ्यात बांधून घ्या, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. बरोबरीचा माल बरोबरीच्या दराने देऊ शकणारा आमचा माणूस केवळ कागदांच्या भीतीने स्पर्धेत उतरतच नसेल, तर ते त्याचे जेवढे दुर्दैव, तेवढेच सरकारचेही नुकसान आहे.

यावर एक ठरीव उत्तर ऐकू येते: “सारे आधीच ठरलेले असते.” हे उत्तर सर्वस्वी खोटे नाही. अटी अशा लिहिल्या जातात की त्या एखाद्याच्याच अंगाला बसाव्यात. ठेकेदार आपसात दर ठरवून घेतात. असे संगनमत २००२ च्या स्पर्धा कायद्याने निषिद्ध ठरविले आहे आणि जेथे ते दिसेल तेथे त्याची तक्रार झालीच पाहिजे. परंतु जो कधी निविदा भरतच नाही, त्याला हे उत्तर देण्याचा अधिकार उरत नाही. रिकाम्या मैदानात एकटाच धावणारा पहिला येणार, यात नवल ते काय?

तेव्हा प्रथम शोध घेण्याची सवय हवी. राज्याचे ई-निविदा संकेतस्थळ, केंद्राचे मध्यवर्ती खरेदी संकेतस्थळ, वृत्तपत्रांतील निविदा सूचना आणि पंचायतीचा फलक यांवर दर आठवड्याला एक दिवस नजर फिरविली पाहिजे. ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झालेली ‘जेम’ ही सरकारी ई-बाजारपेठ तर दुकानाच्या फळीसारखी आहे. तेथे आपला माल मांडून ठेवावा लागतो. या बाजारपेठेत मिळणारी वस्तू वा सेवा केंद्रीय कार्यालयांनी तेथूनच घ्यावी, असा २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांचा दंडक आहे. महिला उद्योजक आणि बचत गट यांच्यासाठी ‘वुमनिया’ या नावाने २०१९ मध्ये तेथे खास उपक्रम सुरू झाला. परंतु नोंदणीच नसेल तर ही दालने असून नसल्यासारखी.

दुसरी पायरी ‘उद्यम’ नोंदणीची. १ जुलै २०२० पासून ही नोंदणी संगणकावर आणि विनामूल्य होते. तिच्यासाठी मध्यस्थाला हजार-दोन हजार मोजणे हा निव्वळ अज्ञानाचा दंड होय. एप्रिल २०२५ पासून यंत्रसामग्रीतील गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत आणि वार्षिक उलाढाल १० कोटींपर्यंत असलेला उद्योग ‘सूक्ष्म’ गणला जातो. आमच्याकडील बहुतेक लहान उद्योग या व्याख्येत सहज मावतील. ई-निविदेसाठी डिजिटल स्वाक्षरीही लागते. ती निविदा निघाल्यावर काढायची नसते, आधीच काढून ठेवायची असते.

ही नोंदणी म्हणजे निव्वळ प्रमाणपत्र नव्हे. तिच्यामागे हक्क उभे आहेत. सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी केंद्राने २०१२ मध्ये काढलेल्या खरेदी धोरणानुसार त्यांना निविदेची कागदपत्रे विनाशुल्क मिळतात आणि अनामत रकमेतून सूट मिळते. केंद्रीय खाती आणि उपक्रम यांनी आपल्या वार्षिक खरेदीपैकी किमान २५ टक्के माल अशा उद्योगांकडून घ्यावा, त्यातील ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या आणि ३ टक्के महिलांच्या उद्योगांकडून असावा, असे बंधन आहे. आणखी एक तरतूद फार थोड्यांना ठाऊक असते. समजा, १०० बाकड्यांची निविदा आहे आणि एका मोठ्या कंपनीचा दर सर्वांत कमी, म्हणजे ४,००० रुपये आला. लहान उद्योगाचा दर त्याहून १५ टक्क्यांपर्यंत अधिक, म्हणजे ४,६०० च्या आत असेल, तर ४,००० रुपयांना देण्याची तयारी दाखवून त्याला त्या मागणीचा किमान चौथा हिस्सा, म्हणजे २५ बाकडी पुरविण्याची संधी मिळते. मात्र हे लाभ स्वतः माल बनविणाऱ्यास अथवा सेवा देणाऱ्यास आहेत. एकीकडून घेऊन दुसरीकडे विकणाऱ्या व्यापाऱ्यास नाहीत.

आता प्रत्यक्ष निविदेकडे वळू. निविदेचे सहसा दोन भाग असतात. पहिल्यात पात्रतेची आणि तांत्रिक कागदपत्रे, दुसऱ्यात दर. पहिला भाग अपुरा असेल तर दुसरा उघडलाच जात नाही. म्हणजे सर्वांत कमी दर देणारा मनुष्यही एका राहिलेल्या दाखल्यापायी बाद होतो. म्हणून निविदा हाती येताच तिच्यातील प्रत्येक अटीची यादी करावी आणि एकेक कागद जोडताना ती खोडीत जावी. अट समजली नाही, किंवा ती एखाद्यासाठीच बेतल्यासारखी वाटली, तर निविदापूर्व बैठकीत अथवा मुदतीच्या आत लेखी प्रश्न विचारावा. निकालानंतर केलेल्या ओरडीपेक्षा आधी विचारलेला एक प्रश्न अधिक कामाचा असतो.

दर लावताना तर दुहेरी सावधगिरी हवी. काम मिळविण्याच्या ईर्षेने तोट्याचा दर लावणारा स्वतः बुडतो आणि कामही बिघडवितो. अडीच लाखांहून अधिक रकमेच्या करारावर बिलातून वस्तू व सेवा कराची २ टक्के रक्कम आधीच कापून घेतली जाते. ती आपल्या खात्यात जमा होते हे खरे, पण तेवढा पैसा काही काळ हाती नसतो. वाहतूक, सुरक्षा ठेव आणि बिलाची वाट पाहण्याच्या महिन्यांचे व्याज हा सारा खर्चच होय आणि तो दरात धरलाच पाहिजे. आरंभ लहान कामापासून करावा, कारण पुढील निविदेत अनुभवाचा दाखला मागतात आणि तो वेळेवर पुऱ्या केलेल्या लहान कामातूनच मिळतो. काम न मिळाले तर हिरमुसून बसू नये. करार झाल्यानंतर माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याने दरांचा तुलनात्मक तक्ता मागता येतो. आपण कोठे कमी पडलो हे त्यात दिसते, आणि कोठे अन्याय झाला असेल तर तोही.

इथपर्यंतचा उपदेश पुरवठादारांना झाला. आता सरकारलाही दोन शब्द सुनावणे प्राप्त आहे. माल पोहोचला, काम झाले, आणि बिल मात्र या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिले, हा अनुभव नवा नाही. माध्यान्ह आहार शिजविणाऱ्या बचत गटांची देयके रखडल्याच्या तक्रारी वृत्तपत्रांतून वारंवार आल्या आहेत. तांदूळ सरकारकडून येतो. पण भाजीवाला, किराणा दुकानदार आणि गॅस यांचे पैसे त्या बायांना रोखच मोजावे लागतात. २००६ च्या कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे कमाल ४५ दिवसांत चुकते झाले पाहिजेत. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते आणि सुलभीकरण परिषदेकडे दाद मागता येते. उद्यम नोंदणी पुरवठ्याच्या आधीच करून ठेवावी ती यासाठी. मागाहून केलेल्या नोंदणीवरून वाद उपस्थित झाले आहेत. आयकर कायद्यात २०२३ मध्ये दुरुस्ती करून, लहान उद्योगांचे पैसे थकविणाऱ्या खासगी खरेदीदाराला केंद्राने चिमटा काढला. सरकारी खाते आयकर भरीत नाही, म्हणून त्याला तो चिमटा बसत नाही. ज्याने उदाहरण घालून द्यावयाचे त्यानेच नियमातून निसटावे, हे शोभादायक नाही. आणि व्याज मागावे तर पुढचे काम हातचे जाईल, या भीतीने लहान पुरवठादार कायदा खिशात असूनही मुकाट बसतो.

केंद्राचे २०१२ चे धोरण राज्य शासनांवर बंधनकारक नाही. म्हणूनच आमची मागणी राज्य शासनाकडे आहे आणि ती मोजकी आहे. स्थानिक लहान उद्योगांकडून किती खरेदी झाली, याचा खात्यागणिक हिशेब दरवर्षी विधानसभेपुढे ठेवावा. प्रत्येक खात्याने आणि पंचायतीने कोणते बिल किती दिवस पडून आहे, याची यादी जाहीर करावी. लहान कामांना मोठ्या उलाढालीच्या अटी लावू नयेत. आणि प्रत्येक तालुक्यात निविदा भरण्यास साहाय्य करणारा एक जाणता माणूस ठरल्या दिवशी बसवावा. यांतील एकाही गोष्टीला फारसा पैसा लागत नाही. लागते ती इच्छा.

काम मिळणे ही कोणाची मेहेरबानी नव्हे आणि केलेल्या कामाचा पैसा मिळणे हीही नव्हे. आमच्या उद्योजकांनी कागदांची भीती सोडावी आणि सरकारने बिलांवरची धूळ झटकावी. अंगणातील पावणीला जी साक्ष असते, ती या पडद्याआडच्या पावणीलाही मिळाली, तर शाळेतील बाकड्यावर बसणाऱ्या मुलाला ते आपल्याच गावच्या सुताराने केले आहे हे सांगता येईल, आणि त्या सुतारालाही आपल्या मुलाच्या शाळेची फी वेळेवर भरता येईल.