आवाज जपून ठेवा

पहिल्या महायुद्धात बर्लिनजवळ व्यून्सडोर्फच्या छावणीत हिंदी शिपाई कैदेत होते. जर्मन पंडितांनी त्यांचे आवाज ध्वनिमुद्रित केले. ११ डिसेंबर १९१६ रोजी मल्ल सिंग नावाचा पंजाबी शिपाई तेथे बोलला. घराची ओढ त्याच्या शब्दांत उतरली. पंडितांना उच्चार हवे होते, त्याची कहाणी नव्हे. तरी तो आवाज बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठात आजही आहे.

मॉरिशसला आलेल्या आमच्या गिरमिट्या पूर्वजांची नावे वह्यांत उरली, आवाज उरला नाही. बंधुभगिनींनो, परक्यांनी कैद्यांचे बोल जपले. आपण आपल्या आजी-आजोबांचे जपू नयेत काय? खिशातला फोन पुरे. उसाच्या मळ्यातले दिवस, झाकरीची गाणी त्यांना त्यांच्याच बोलीत सांगू द्या. आपण प्रश्न थोडे विचारू, ऐकू जास्त.