गाडीला नवा पत्रा आणि डोळ्यांवर बटाटा



रविवारी रात्री साडेबाराला फोन आला. "डॉक्टर, दोघांच्या डोळ्यांत कुणी तिखट टाकल्यासारखं झालंय. डोळे उघडतच नाहीत." दोघं म्हणजे वडील आणि नववीतला मुलगा. दवाखान्यात आले तेव्हा मुलाच्या डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या होत्या, वरून ओला रुमाल बांधलेला. दोघांना हाताला धरून आणणाऱ्या वहिनींनी विचारलं, "डोळे आलेत का हो?"

डोळे आले नव्हते. आजोबांच्या वेळची प्रीमियर पद्मिनी घरच्या घरी उभी करायचं या घरानं मनावर घेतलं होतं. रबरी चटईखाली पाणी साचून फ्लोअरचा पत्रा गंजला होता. तो कापून सोसायटीच्या पार्किंगमध्ये नवा पत्रा जोडायचं काम दिवसभर चाललं होतं. वडिलांकडे वेल्डिंगचं हेल्मेट होतं. मुलानं पत्रा धरला होता आणि त्याला एवढंच सांगितलं होतं, "तू फक्त तिकडे बघू नको."

आजचा लेख या एका वाक्याच्या विरोधात आहे. हे वाक्य खोटं आहे आणि ते ऐकणारा बहुतेक वेळा घरातला सर्वांत लहान माणूस असतो.

न बघताही डोळा भाजतो

वेल्डिंगच्या प्रकाशात अतिनील किरण असतात. ते दिसत नाहीत आणि डोळ्यावर पडताना दुखतही नाहीत. बुबुळावरचा पारदर्शक पडदा म्हणजे कॉर्निया ते शोषून घेतो आणि त्याचा वरचा नाजूक थर भाजतो. दुखणं सुरू होतं साधारण 6 ते 12 तासांनी, म्हणजे काम संपवून, जेवून झोपल्यावर. म्हणून लोकांना वाटतं की रात्री काहीतरी चावलं किंवा डोळे आले.

मान फिरवली तरी किरण फिरून येतात. पार्किंगची पांढरी भिंत आणि गाडीचा चकचकीत रंग ते परत फेकतात. पत्रा धरणारा तर ठिणगीपासून हातभर अंतरावर असतो. त्या मुलाची मान आणि हाताची बाजूही उन्हात भाजल्यासारखी लाल झाली होती.

मग हेल्मेट असलेल्या वडिलांना का लागलं? गाडीचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा असतो. सलग वेल्डिंग केलं तर तो तापून वाकतो, भोक पडतं. म्हणून इथे एक टाका, तिथे एक टाका असं काम चालतं. दिवसाला शेकडो टाके होतात. दर टाक्याला हेल्मेट खाली-वर करायचा कंटाळा येतो आणि माणूस "एकच टाका आहे" म्हणून डोळे मिटून मारतो. मिटायला थोडा उशीर होतो, उघडायची थोडी घाई होते. लोखंडी गेट जोडणाऱ्यापेक्षा गाडीचा पत्रा जोडणारा या मोहात जास्त वेळा सापडतो.

बटाटा, आईचं दूध आणि सुन्न करणारे थेंब

बटाट्यानं गार वाटतं, एवढंच. भाजलेल्या कॉर्नियावर कापलेला बटाटा, गुलाबपाणी किंवा आईचं दूध घालणं म्हणजे उघड्या जखमेवर जंतू सोडणं. आराम पडतो तो त्यामुळे नाही. हा थर बहुधा 1 ते 3 दिवसांत आपोआप भरतो, आणि श्रेय मात्र बटाट्याला मिळतं.

त्याहून वाईट म्हणजे मेडिकलमधून आणलेले डोळा सुन्न करणारे थेंब. घातल्याबरोबर दुखणं थांबतं, म्हणून माणूस पुन्हा पुन्हा घालतो. हे थेंब जखम भरू देत नाहीत. वारंवार वापरले तर कॉर्निया कायमचा खराब होऊ शकतो. स्टेरॉईडचे थेंबही मनानं घालू नका.

करायचं ते साधं आहे. लेन्स असतील तर काढा, डोळे चोळू नका, अंधाऱ्या खोलीत पडा, मिटलेल्या डोळ्यांवर स्वच्छ गार कपड्याची घडी ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. एकच डोळा जास्त दुखत असेल, धूसर दिसत असेल किंवा ग्राइंडर चालवताना काही उडालं असेल तर थेट नेत्रतज्ज्ञाकडे जा. लोखंडाचा कण आत राहिला तर गंजतो, डोळ्याच्या आतही गंजतो, आणि दृष्टी नेऊ शकतो. काडीनं किंवा रुमालाच्या टोकानं तो काढायला बसू नका.

गूळ पोटात जातो, धूर फुफ्फुसात

आता दुसरी समजूत. "वेल्डिंग केलं ना, मग दूध पी, गूळ खा, केळं खा." वर्कशॉपमध्ये पिढ्यान्पिढ्या हेच सांगितलं जातं. दूध-केळं खा की, चांगलंच आहे. पण अन्न अन्ननलिकेतून पोटात जातं आणि धूर श्वासनलिकेतून फुफ्फुसात. या दोन रस्त्यांची पुढे कुठेही गाठ पडत नाही. पेलाभर दूध फुफ्फुस धुऊन काढत नाही.

गंज लागू नये म्हणून बरेच जण सीआर पत्र्याऐवजी जस्ताचा थर असलेला जीआय पत्रा लावतात. जस्त 907 अंश सेल्सिअसला उकळतं. लोखंड वितळायला साधारण 1,500 अंश लागतात. म्हणजे पत्रा जुळायच्या आधीच जस्ताची वाफ होऊन हवेत जाते आणि तिचा पांढरा धूर होतो. तो ओढल्यावर काही तासांनी थंडी वाजून ताप येतो, तोंडाला धातूची चव येते, अंग मोडतं, कोरडा खोकला सुरू होतो. हा धातूच्या धुराचा ताप. बहुधा एक-दोन दिवसांत उतरतो. मलेरिया किंवा फ्लू समजून त्याच्या तपासण्या होतात, कारण "काल वेल्डिंग केलं होतं" हे रुग्ण सांगत नाही आणि डॉक्टर विचारत नाहीत.

"सवय झाली की काही होत नाही," असं म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. या तापाची सवय खरंच होते, पण दोन दिवस सुट्टी घेतली की जाते. म्हणूनच कारखान्यांत हा ताप सोमवारचा म्हणून ओळखला जातो. तुम्ही तर फक्त रविवारीच वेल्डिंग करता. तुमचा प्रत्येक रविवार हा कामगाराचा सोमवार आहे.

आणि सवय ही फक्त तापाची असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2017 मध्ये वेल्डिंगचा धूर माणसात कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकला. त्याच गटात तंबाखूचा धूरही आहे. दोन्ही सारखेच घातक, असा याचा अर्थ नाही. पुरावा पक्का आहे, असा अर्थ आहे. एका रविवारनं कर्करोग होत नाही. पण ज्या मुलाला सिगारेटच्या धुरापासून लांब ठेवता, त्याला या धुरात उभं का करता?

आणखी दोन गोष्टी. ग्रीस काढायच्या काही स्प्रेमध्ये क्लोरीनयुक्त द्रावक असतं. तो पत्र्यावर ओला असताना वेल्डिंग केलं तर फॉस्जीन तयार होऊ शकतो. पहिल्या महायुद्धात हाच विषारी वायू वापरला गेला होता. त्याचा त्रास काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, दम लागून सुरू होतो. दुसरं, सीओटू वेल्डिंगचा गॅस हवेपेक्षा जड असतो. तळघरातल्या पार्किंगमध्ये किंवा गाडीखालच्या खड्ड्यात तो साचतो आणि ऑक्सिजनची जागा घेतो.

"पण रस्त्यावरचा वेल्डर तर साधा गॉगल लावून करतो"

हो, करतो. त्याच्याकडे हेल्मेटला पैसे नसतात किंवा मालक देत नाही. तोही माझ्याकडे येतो, चाळिशीत जिना चढताना दम लागतो म्हणून. त्याची मजबुरी हा तुमच्या हौसेचा दाखला होऊ शकत नाही.

माझा हौसेला विरोध नाही. आजोबांची गाडी रस्त्यावर यावी असं मलाही वाटतं. पण हिशेब बघा. क्रोमच्या पट्टीसाठी चोर बाजार पालथा घालणारा माणूस दुसऱ्या हेल्मेटचा खर्च टाळतो.

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे. बंद पार्किंगमध्ये, घरच्यांना हाताशी धरून पत्रा जोडू नका. गंज कापा, माप घ्या, पत्रा बसवून बघा, हे सगळं घरी मुलाबरोबर करा, तेही गॉगल घालून. त्यातच तर खरी मजा आहे. टाके मात्र वर्कशॉपमध्ये मारून घ्या.

तरीही स्वतःच करायचं असेल तर या अटी पाळा. जागा उघडी हवी. पत्रा धरायला माणूस नको, क्लॅम्प हवा. 10 किंवा 11 नंबरच्या काचेचं हेल्मेट एकाही टाक्याला वर नको. जोडाच्या दोन्ही बाजूंचं जस्त आणि जुना रंग आधी काढा, पण कोरडा घासून धूळ करू नका, कारण जुन्या रंगात शिसं असू शकतं. धुराच्या कणांसाठीचा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क लावा. साधा कापडी मास्क उपयोगाचा नाही, आणि कणांचा मास्क विषारी वायू अडवत नाही. अंगात सुती कपडे, पायात बूट हवेत. पेट्रोलची टाकी आणि आतलं कार्पेट आधीच बाहेर काढा. पेसमेकर असेल तर हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय मशीनजवळ जाऊ नका.

वेल्डिंगनंतर दम लागला, छातीत दुखलं किंवा ताप दोन दिवसांत उतरला नाही तर थांबू नका. आणि डॉक्टरांना पहिलं वाक्य सांगा, "मी वेल्डिंग केलं होतं."

तो मुलगा तिसऱ्या दिवशी शाळेत गेला. जाताना त्यानं मला विचारलं, "मी तर बघितलंच नव्हतं, मग मला का झालं?" मी काही बोलायच्या आत त्याच्या वडिलांनी उत्तर दिलं, "माझं चुकलं, बाळा."

तुमच्यावर हे म्हणायची वेळ येऊ देऊ नका.