भूमिका कोणाची, किंमत कोणाची

व्यावसायिक खेळाने राजकीय वादांत भूमिका घ्यावी का, हा प्रश्न समाजमाध्यमांच्या काळात उपजलेला नाही. मुंबईच्या मैदानांवर तो शंभर वर्षांहून अधिक काळ विचारला जातो आहे आणि त्याचे पहिले ठळक उत्तर पालवणकर बंधूंनी दिले. बाळू पालवणकर हे चर्मकार समाजातले डावखुरे फिरकी गोलंदाज. पुण्यातल्या गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टीची देखभाल करता करता, सरावाला येणाऱ्या साहेबांना चेंडू टाकत त्यांची कला घडली. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. तरीही हिंदू संघाच्या कर्णधारपदापासून जातीने त्यांना दूर ठेवले. १९२० च्या चौरंगी स्पर्धेत विठ्ठल आणि शिवराम या त्यांच्या धाकट्या भावांनी या अन्यायाविरुद्ध संघातून माघार घेतली आणि आपली बाजू जाहीर निवेदनातून मांडली. तीन वर्षांनी, १९२३ मध्ये, विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले.

या दोघांच्या माघारीला कोणी राजकारण म्हणेल, कोणी क्रिकेट. ती दोन्ही होती. संघाचे नेतृत्व कोणी करावे हा मैदानाचा प्रश्न होता. जातीमुळे ते नाकारले जावे का, हा समाजाचा. पुढे १९३७ च्या निवडणुकीत बाळू काँग्रेसच्या तिकिटावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले आणि पराभूत झाले. त्या निर्णयाबद्दल मतभेद तेव्हाही होते, आजही असतील. पण क्रिकेटपटूने निवडणुकीच्या वाटेला जाऊ नये, असे त्या काळी कोणी त्यांना सुनावल्याचे प्रसिद्ध नाही.

ज्या स्पर्धेत हे घडले तिची रचनाच राजकीय होती. युरोपियन, पारशी, हिंदू आणि मुस्लिम असे धर्म-वंशावर बांधलेले संघ एकमेकांशी भिडत. १९३७ पासून ‘इतर’ या नावाचा पाचवा संघ आला आणि स्पर्धा पंचरंगी झाली. या ‘इतर’ संघात ख्रिस्ती आणि ज्यू खेळाडू असत. सांगलीचे विजय हजारे याच संघाचे. १९४३ च्या अंतिम सामन्यात हिंदूंविरुद्ध संघाच्या ३८७ पैकी ३०९ धावा त्यांनी एकट्याने केल्या. वसईच्या किनारपट्टीवर पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती वाड्या आहेत. तिथला एखादा गुणी तरुण त्या काळी या स्पर्धेपर्यंत पोचला असता, तर शेजारच्या हिंदू मित्रासोबत त्याला खेळता आले नसते. त्याची जागा ‘इतरां’मध्येच ठरली असती.

सविनय कायदेभंगाच्या चळवळीत, १९३० ते १९३३ या काळात, ही स्पर्धा झाली नाही. राष्ट्रीय नेत्यांच्या अटकेच्या निषेधार्थ हिंदू जिमखान्याने १९३२ च्या इंग्लंड दौऱ्यापासून अंग काढून घेतले. विजय मर्चंट आणि एल. पी. जय त्या दौऱ्यावर गेले नाहीत. भारताचा पहिला कसोटी सामना त्याच दौऱ्यात, लॉर्ड्सवर झाला. त्या संघात या दोघांची नावे नाहीत. डिसेंबर १९४० मध्ये हिंदू जिमखान्याचे प्रतिनिधी वर्ध्याला गांधीजींना भेटले तेव्हा धर्माच्या नावाने संघ करण्याला गांधीजींनी स्पष्ट विरोध नोंदवला. सय्यद अब्दुल्ला बरेलवींच्या ‘बॉम्बे क्रॉनिकल’नेही या सामन्यांविरुद्ध मोहीम चालवली. तरी स्पर्धेला गर्दी लोटत होती आणि खेळात राजकारण आणू नका, असे तिच्या पाठीराख्यांचे म्हणणे होते. १९४५-४६ च्या हंगामानंतर ती बंद झाली. राजकारण नको म्हणणारे प्रत्यक्षात धर्मवार विभागणीचे रक्षण करत होते, हे आज लख्ख दिसते. त्यामुळे ‘खेळ आणि राजकारण वेगळे ठेवा’ हे वाक्य कोणाच्याही तोंडी आले, तरी ते कोणत्या व्यवस्थेला धक्का लागू नये म्हणून उच्चारले जात आहे, एवढे तपासून घ्यायला हवे.

पुण्याशी जोडलेले दुसरे उदाहरण १९७४ चे. डेव्हिस करंडक टेनिसच्या उपांत्य लढतीत भारताने सोव्हिएत संघाला पुण्यात हरवले आणि अंतिम फेरी गाठली. समोर दक्षिण आफ्रिका होती. वर्णद्वेषी राजवटीच्या निषेधार्थ भारताने खेळायला नकार दिला आणि करंडक न खेळता दक्षिण आफ्रिकेकडे गेला. भारत त्यानंतर १९८७ मध्ये एकदाच अंतिम फेरीत पोचला. हा करंडक आजवर एकदाही भारताला मिळालेला नाही. निर्णय सरकारचा आणि संघटनेचा होता, किंमत विजय आणि आनंद अमृतराज यांच्या पिढीने मोजली. तरीही तो निर्णय योग्य होता. दक्षिण आफ्रिकेत कोणी कोणाबरोबर खेळायचे, कोणत्या रंगाच्या माणसाने देशाचा संघ गाठायचा, हे कायद्याने ठरत होते. जो देश खेळाचे दार कातडीच्या रंगावरून बंद करतो, त्याच्याशी खेळायचे की नाही हे ठरवणे खेळसंस्थेचे कामच आहे.

ऑक्टोबर १९९१ मध्ये वानखेडे मैदानावर जे घडले ते मात्र या रांगेत बसत नाही. भारत-पाकिस्तान सामना होऊ नये म्हणून शिवसैनिकांनी खेळपट्टी उखडली आणि पाकिस्तानचा दौरा बारगळला. ऑक्टोबर २०१५ मध्ये दोन्ही देशांच्या क्रिकेट मंडळांच्या अध्यक्षांची बोलणी व्हायची होती, तेव्हा वानखेडेवरच्या मंडळाच्या कार्यालयात निदर्शक घुसले. पाकिस्तानशी खेळू नये हे मत बाळगण्याचा, त्यासाठी मोर्चा काढण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. मैदान खणून काढणे हा दुसऱ्याने खेळावर लादलेला निर्णय असतो. त्याला खेळाची भूमिका म्हणता येत नाही.

खेळाडूकडून समाज नेमके काय मागतो, हे सचिन तेंडुलकरच्या वाट्याला आलेल्या प्रसंगांत जितके स्पष्ट होते तितके क्वचितच कुठे होते. नोव्हेंबर २००९ मध्ये त्याने मराठी असल्याचा अभिमान आहे, पण आपण आधी भारतीय आहोत आणि मुंबई सगळ्या भारताची आहे, असे सांगितले. ‘सामना’मधून बाळासाहेब ठाकरे यांनी त्याला फटकारले. फेब्रुवारी २०२१ मध्ये शेतकरी आंदोलनावर परदेशी कलावंतांनी मते मांडली, तेव्हा बाहेरच्यांनी यात पडू नये अशा आशयाचे ट्वीट त्याने केले. या वेळी टीका दुसऱ्या बाजूने झाली. आपल्या क्षेत्राबाहेरच्या विषयावर बोलताना काळजी घ्यावी, असा सल्ला शरद पवार यांनी दिला. २०२३ मध्ये महिला कुस्तीपटूंच्या लैंगिक छळाच्या आरोपांवर दिल्लीत आंदोलन सुरू होते. तेव्हा तो बोलत नाही म्हणून युवक काँग्रेसने त्याच्या वांद्र्याच्या घराबाहेर फलक लावला. पहिल्या दोन प्रसंगी तो बोलला म्हणून चुकला, तिसऱ्या प्रसंगी गप्प राहिला म्हणून. टीका करणाऱ्या प्रत्येकाला खेळाडूने बोलावे असेच वाटत होते, फक्त आपल्या बाजूने.

कुस्तीपटूंच्या प्रश्नावर मोठ्या खेळाडूंनी बोलायला हवे होते, हे मात्र खरे. तो पक्षीय वाद नव्हता. खेळाडू म्हणून सुरक्षित राहण्याचा तो प्रश्न होता. १९८३ च्या विश्वविजेत्या संघाने जून २०२३ मध्ये संयुक्त निवेदन काढले, पण त्याच संघातले रॉजर बिन्नी तेव्हा क्रिकेट मंडळाचे अध्यक्ष असल्याने त्यांनी आपण त्यात नसल्याचे जाहीर केले. फेब्रुवारी २०२१ मध्ये मुंबईकर वसीम जाफरवर उत्तराखंडच्या प्रशिक्षकपदावरून धर्माच्या आधारे पक्षपाताचे आरोप झाले. अनिल कुंबळे यांनी त्याची बाजू घेतली. मुंबईच्या ड्रेसिंग रूममधून फारसा आवाज उठला नाही. शेतीच्या कायद्यांबद्दल फलंदाजाचे मत नसेल, तर ते समजण्यासारखे आहे. सहकाऱ्याच्या सचोटीबद्दल त्याला मत नसणे समजण्यासारखे नाही.

२०२५ च्या आशिया चषकाने हा प्रश्न पुन्हा टोकाला नेला. २२ एप्रिलच्या पहलगाम हल्ल्यात २६ जणांचा जीव गेला. त्यांत डोंबिवली, पुणे आणि पनवेलचे पर्यटक होते. २१ ऑगस्टला केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने पाकिस्तानशी द्विपक्षीय सामने नाहीत, बहुराष्ट्रीय स्पर्धांत मात्र खेळण्यास हरकत नाही, असे धोरण जाहीर केले. १४ सप्टेंबरला दुबईत सामना झाला. सूर्यकुमार यादवच्या संघाने हस्तांदोलन टाळले आणि विजय सैन्याला अर्पण केला. २८ सप्टेंबरच्या अंतिम सामन्यानंतर पाकिस्तानचे गृहमंत्री आणि आशियाई क्रिकेट परिषदेचे प्रमुख मोहसिन नक्वी यांच्या हातून करंडक स्वीकारायलाही संघाने नकार दिला. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने सूर्यकुमारला १४ सप्टेंबरच्या सामन्याच्या मानधनाच्या ३० टक्के दंड केला. घरातला माणूस गमावलेल्यांचे दुःख मोठे आहे आणि ते कोणत्याही नियमापेक्षा वर आहे. पण निषेध करायचाच होता, तर न खेळण्याचा मार्ग सरकारला आणि मंडळाला मोकळा होता, १९७४ प्रमाणेच. सामना, त्याचे प्रक्षेपण आणि उत्पन्न कायम ठेवून निषेध तेवढा अकरा खेळाडूंच्या हातांवर सोपवला गेला. मोठ्यांनी टाळलेला निर्णय कर्णधाराच्या खांद्यावर आला.

आंतरराष्ट्रीय परिषदेचे नियमही एका मापाने लागू होत नाहीत. २०१९ च्या विश्वचषकात महेंद्रसिंह धोनीच्या ग्लोव्ह्‌जवरचे लष्करी चिन्ह काढायला लावले गेले. त्याच वर्षी रांचीत भारतीय संघाला लष्करी टोप्या घालून खेळण्याची परवानगी होती. डिसेंबर २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या उस्मान ख्वाजाला सर्व जीव समान आहेत, असे शब्द बुटांवर लिहून पर्थच्या मैदानात उतरता आले नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये मात्र दुबईत भारतीय संघाने वर्णद्वेषाविरुद्ध गुडघा टेकला, तेव्हा ते चालले. सत्तेला किंवा बाजाराला सोयीचा संदेश भावना ठरतो आणि गैरसोयीचा राजकारण, असा या निर्णयांचा अर्थ निघतो. मैदानावर सगळ्याच चिन्हांना मज्जाव करायचा असेल तर तो सगळ्यांना असावा. मैदानाबाहेर मात्र नागरिक म्हणून खेळाडूचे तोंड बांधण्याचा अधिकार कोणत्याही मंडळाला असू नये.

महाराष्ट्रात तर खेळाच्या संस्थांनी राजकारणापासून दूर राहण्याची भाषा करणे अवघड आहे. वानखेडे मैदानाला नाव ज्यांचे, ते शेषराव वानखेडे मंत्री होते. मनोहर जोशी, शरद पवार, विलासराव देशमुख यांनी मुंबई क्रिकेट संघटनेचे अध्यक्षपद भूषवले. मंत्र्यांनी क्रिकेट संस्थांची पदे घेऊ नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाला २०१६ मध्ये सांगावे लागले. शार्दूल ठाकूरचे पालघर आणि पृथ्वी शॉचे विरार ज्या जिल्ह्यात आहेत, तिथे हेच चित्र खालच्या पायरीवर आहे. वसईजवळच्या वालीव, गोखिवरे, सातिवलीच्या औद्योगिक पट्ट्यात कारखान्यांतली पोरे सुट्टीच्या दिवशी टेनिस चेंडूचे सामने खेळतात, गावठाणांत कबड्डीचे डाव रंगतात. आमदार चषक, नगरसेवक चषक, कमानीवर नेत्याचा फोटो आणि बक्षीस द्यायला तोच नेता, हे इथे नवे नाही. या संघांत आगरी, कोळी, ख्रिस्ती, उत्तर भारतीय मुले एकत्र खेळतात. पंचरंगीच्या काळात जे मुंबईला जमले नाही ते इथे सहज होते. ही चांगली गोष्ट आहे. पण ज्याच्या पैशातून चेंडू, मॅट आणि जर्सी येते, त्याच्याविरुद्ध त्या मुलाने पाणी किंवा रस्त्याच्या प्रश्नावर तोंड उघडले तर पुढच्या वर्षी त्याच्या मंडळाला प्रवेश मिळेल का, ही शंका त्याच्या मनात राहते. खेळाच्या मैदानासाठी सार्वजनिक निधी आणि आयोजनासाठी स्वतंत्र क्रीडा समिती असणे, हा या ठिकाणचा खरा उपाय आहे.

वरच्या पातळीवर उपाय कराराचा आहे. भारतीय क्रिकेट मंडळाने २०१९ मध्ये मान्यता दिलेली इंडियन क्रिकेटर्स असोसिएशन निवृत्त खेळाडूंची आहे. सध्या खेळणाऱ्यांच्या वतीने करारातल्या अटींवर बोलणी करणारी संघटना भारतात नाही. इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियात ती अनेक दशके आहे. ख्वाजाच्या मागे कर्णधार पॅट कमिन्स उघडपणे उभा राहिला, त्यामागे अशा व्यवस्थेचे बळही असते. कबड्डी आणि कुस्तीत अडचण आणखी मोठी आहे. राज्यातले अनेक खेळाडू रेल्वे, पोलीस किंवा बँकांत क्रीडा कोट्यातून नोकरी करतात आणि तिथल्या आचारनियमांनी बांधलेले असतात. साक्षी मलिक आणि बजरंग पुनिया आंदोलनात उतरले तेव्हा ते रेल्वेचे कर्मचारी होते. छळ, निवडीतला अन्याय आणि संघटनेतला गैरव्यवहार यांबद्दल जाहीर बोलणाऱ्या खेळाडूला शिस्तभंगाच्या कारवाईतून वगळणारे कलम या सेवानियमांत आणि मंडळांच्या करारांत घालायला हवे. राज्य सरकारला आपल्या पोलीस दलापासून त्याची सुरुवात करता येईल.