बांधावरच्या गोष्टी : थंड मुलखातला लव्हाळा



लव्हाळ्याचे नाव काढले की आपल्या कपाळाला आठी पडते. कितीही खुरपा, जमिनीतल्या गाठी पुन्हा कोंब काढतात. पण याच कुळातल्या पाणलव्हाळ्याने उत्तर स्वीडन आणि फिनलंडमधल्या शेतकऱ्यांची गुरे शेकडो वर्षे जगवली. शास्त्रात त्याला केरेक्स अ‍ॅक्वाटिलिस म्हणतात.

या कुळाची ओळख सोपी. काडी दोन बोटांत फिरवून पाहा. गवताची काडी गोल, पेरांची. लव्हाळ्याची बहुधा तीनधारी, बिनपेरांची. पाणलव्हाळा दलदलीतही कुजत नाही, कारण त्याच्या आतल्या पोकळ्यांतून हवा मुळांपर्यंत पोचते.

तिकडे गुरे वर्षातले सात-आठ महिने गोठ्यात असतात. तेवढी वैरण आणायची कोठून? मग शेतकरी ओढ्याला बांध घालून वसंतात कुरण पाण्याखाली ठेवीत. शेवाळ हटे, लव्हाळा जोमाने वाढे. उन्हाळ्यात पाणी सोडून लांब दांड्याच्या विळ्याने कापणी करीत. वाळलेले गवत कुरणातल्याच लाकडी कोठारात भरीत आणि हिवाळ्यात दलदल गोठली म्हणजे घसरगाडीने घरी आणीत. त्या वैरणीवर गुरे, गुरांच्या शेणखतावर सातूचे शेत. कुरण आटले की शेतही आटे.

तिकडचे सामी लोक याच जातीचे गवत कुटून, मऊ करून चामडी जोड्यांत भरत. ते पायाचा ओलावा शोषी, ऊब टिकवी. १९११ साली दक्षिण ध्रुवावर पोचलेल्या आमुंडसेनच्या माणसांनीही जोड्यांत असेच गवत घातले होते.

पुढे रासायनिक खत आणि पेरलेला चारा आला. विसाव्या शतकात ही कुरणे ओस पडू लागली आणि त्यांत झुडपे माजली.

आता लव्हाळा लावा, असे माझे सांगणे नाही. आपला लव्हाळा गाठींसकट वेचून बाहेरच काढायचा. घ्यायचा तो वैरणीचा हिशेब. एका मोठ्या जनावराला दिवसाला ६ किलो कोरडी वैरण धरली, तर उन्हाळ्याच्या १५० दिवसांना ९ क्विंटल लागते. आपल्या गंजीत तेवढी आहे का? बांधावरचे गवत फुलोऱ्यात असतानाच कापा. दिवाळीनंतर त्याची काडी होते आणि कस जातो. वैरण संपल्यावर बैल बाजारात नेण्यापेक्षा वेळेवर चालवलेला विळा स्वस्त पडतो.