समुद्र दूर आहे, म्हणजे हाताशी वेळ आहे

मे महिना संपत आला की आमच्या बाह्यरुग्ण विभागात एक प्रश्न हमखास येतो. रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आलेल्या सांगलीवाडीच्या मावशी केसपेपर पुढे सरकवतात आणि विचारतात, "साहेब, औंदा पाणी चढंल का वं?" मी डॉक्टर, पाण्याचं मला काय कळणार! पण मावशींना हा प्रश्न आरोग्याचाच वाटतो, आणि तो आहेच. 2005, 2019 आणि 2021 ही तिन्ही वर्षं त्यांनी पाहिली आहेत. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं. तिथली इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट आहे. त्या आठवड्यात विश्रामबागेतल्या किती घरांत गावभागातले, हरभट रोडवरचे, मारुती चौकातले पाहुणे अंथरूण-पांघरूण घेऊन राहायला आले होते, हे इथल्या वाचकांना सांगायला नको.

पूर आला की आपण सगळे पुलाकडे पाहतो. फूट आणि इंच मोजतो. कोयनेतून किती क्युसेक सोडले, अलमट्टीतून किती गेले, यावर वाद घालतो. हे सगळं बरोबरच आहे. पण पुलावरचा आकडा ही गोष्टीची शेवटची ओळ असते. पहिली ओळ बरीच आधी, समुद्रावर लिहिलेली असते.

कृष्णा उगम पावते महाबळेश्वरला. तिथून अरबी समुद्र सरळ रेषेत जेमतेम 64 किलोमीटर. पण नदी त्याच्याकडे पाठ फिरवते आणि सुमारे 1400 किलोमीटर चालत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. तिचं पाणी मात्र नैऋत्य मोसमी वाऱ्यांनी अरबी समुद्रावरून उचलून आणलेलं असतं. हे वारे सह्याद्रीला धडकतात, वर चढतात, थंड होतात आणि ओझं टाकतात. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. डोंगर ओलांडून पुढे आलेल्या वाऱ्यात फारसं काही उरत नाही, म्हणून जत-आटपाडीला पाचशेच्या आसपासच मिलिमीटर मिळतो. एकाच जिल्ह्यात एकीकडे पूर आणि दुसरीकडे टँकर, हा प्रकार समुद्र आणि डोंगर या दोघांनी मिळून केलेला आहे. 2021 च्या जुलैत, 22 आणि 23 तारखेच्या दरम्यान, महाबळेश्वरला 24 तासांत 594 मिलिमीटर पाऊस झाला. जतचं वर्षभराचं पाणी एका दिवसात पडलं. त्याच पावसात डोंगरापलीकडे वाशिष्ठीनं चिपळूण बुडवलं आणि अलीकडे कृष्णेनं सांगलीत पुन्हा 54 फुटांची पातळी ओलांडली.

समुद्राचा आणि आपला संबंध आजचा नाही. कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात वीतभराहून लहान अशी ब्राँझची एक मूर्ती आहे. ती आहे पॉसायडनची, ग्रीकांच्या समुद्रदेवाची. पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीच्या टेकाडात 1940 च्या दशकात ती सापडली. दोन हजार वर्षांपूर्वी भूमध्य समुद्राकडचे व्यापारी जुलैच्या सुमारास इजिप्तमधून निघत आणि याच नैऋत्य वाऱ्यावर शिडं सोडून आपल्या किनाऱ्याला लागत. तिथून माल घाट चढून देशावर यायचा. ज्या वाऱ्यानं आपल्याकडे पाऊस आणला, त्यानंच पंचगंगेच्या काठी हा परका देव आणला. किनाऱ्यापासून दूर आहोत म्हणून आपण समुद्राच्या कक्षेबाहेर आहोत, हा समज त्या मूर्तीपुढे उभं राहिलं की गळून पडतो.

समुद्रानं माल आणला, तसा रोगही आणला. 1894 मध्ये हाँगकाँगला प्लेग होता. 1896 च्या सप्टेंबरमध्ये तो मुंबईच्या मांडवी भागात दिसला. गोदीजवळची धान्याची कोठारं आणि तिथले उंदीर, ही त्याची पहिली वस्ती. मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी तो ओळखला. मुंबईहून तो रेल्वेनं आणि रस्त्यानं आत सरकला. पुणे, सातारा, कोल्हापूर, बेळगाव, सगळीकडे गावं ओस पडली, लोक माळावर झोपड्या घालून राहिले. साताऱ्याच्या नायगावची लेक सावित्रीबाई फुले पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करतानाच 10 मार्च 1897 रोजी गेल्या. पुढच्या काही दशकांत देशात या रोगानं एक कोटीहून अधिक माणसं नेली.

या इतिहासातली एक बाब डॉक्टर म्हणून मला फार महत्त्वाची वाटते. मांडवीतला पहिला रुग्ण आणि आपल्या भागातला पहिला रुग्ण यांच्यामध्ये अवधी होता. मुंबईत डॉ. हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या छोट्याशा प्रयोगशाळेत तीन-साडेतीन महिन्यांत लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 ला ती आधी स्वतःला टोचून घेतली. अवधी सत्कारणी कसा लावावा, याचं हे उदाहरण. पुण्यात त्याच काळात सोजीर घरात घुसवून तपासण्या झाल्या. लोक इतके बिथरले की रुग्ण माळ्यावर लपवू लागले. तिथे अवधी वाया गेला आणि विश्वासही गेला.

समुद्रापासून लांब असणं म्हणजे सुरक्षित असणं नव्हे. लांब असल्यामुळे आपल्याला थोडा वेळ मिळतो, एवढंच. पुराच्या बाबतीत हा वेळ किती, ते पाहू.

सर्वांत लांबचा इशारा हिंदी महासागराच्या तापमानातून मिळतो. महासागराची आफ्रिकेकडची बाजू नेहमीपेक्षा गरम आणि इंडोनेशियाकडची थंड झाली, तर आपल्याकडच्या पावसाला बहुधा बळ मिळतं. याला 'इंडियन ओशन डायपोल' म्हणतात. 2019 साली तो गेल्या कित्येक दशकांतल्या सर्वांत तीव्र डायपोलांपैकी एक होता. पण 2021 मध्ये तशी स्थिती नव्हती, तरीही पूर आला. म्हणून मेमध्ये मावशींना 'चढंल' किंवा 'नाही चढणार' असं छातीठोक उत्तर कुणीच देऊ शकत नाही. त्यात समुद्राचा एकूण स्वभावही बदलतो आहे. अरबी समुद्र तापतो आहे. मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना 1950 पासून तिपटीनं वाढल्याचं पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी 2017 मध्ये दाखवलं आणि त्याचा संबंध अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पाशी जोडला. आपण त्या पट्ट्याच्या थोडे दक्षिणेला आहोत, पण बाष्प येतं ते याच समुद्रावरून.

दुसरा इशारा एक-दोन आठवड्यांचा. हवामान खातं दर गुरुवारी पुढच्या आठवड्यांचा अंदाज देतं. किनारपट्टीला समांतर कमी दाबाचा पट्टा तयार झाला आणि त्याच वेळी बंगालच्या उपसागरातही कमी दाबाचं क्षेत्र आलं, तर घाटमाथ्यावर मोठा पाऊस होण्याची शक्यता वाढते. तिसरा इशारा धरणाचा. कोयनेतून सुटलेलं पाणी आयर्विन पुलापर्यंत यायला साधारण दिवसभर लागतो. म्हणजे समुद्र आधी काही आठवडे, मग काही दिवस आणि शेवटी काही तास आपल्या हातात देतो. आपण मात्र बहुतेक वेळा शेवटच्या तासांतच धावतो.

रोगांचंही असंच वेळापत्रक असतं. जुलाब-उलट्या दूषित पाणी पोटात गेल्यावर एक-दोन दिवसांत सुरू होतात. चिखलात आणि जनावरांच्या मुतानं दूषित झालेल्या पाण्यात वावरल्यानं होणारा लेप्टोस्पायरोसिस साधारण पाच ते चौदा दिवसांनी डोकं वर काढतो. साचलेल्या स्वच्छ पाण्यातल्या डासांमुळे येणारा डेंग्यू दोन-तीन आठवड्यांनी. अ आणि ई प्रकारची कावीळ महिन्यानं, कधी त्याहूनही उशिरा. म्हणजे पुराच्या बातम्या वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावरून गेल्यानंतर आमचे वॉर्ड भरू लागतात.

2019 च्या त्या पुरानंतरचा एक शेतकरी मला आठवतो. चाळिशीतला गडी. पाणी ओसरल्यावर गोठा साफ केला, मेलेली जनावरं ओढली, पायाला भेगा होत्या. ताप आला तेव्हा दमणुकीचा म्हणून अंगावर काढला. पोटऱ्या इतक्या दुखत होत्या की चालवेना, डोळे लाल होऊन मग पिवळे झाले. आमच्याकडे आला तेव्हा लघवी जवळजवळ बंद झालेली. डायलिसिस करावं लागलं. तो वाचला. डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या त्याच्या गावात पोचल्या होत्या, पण तो आजारी पडून दाखल झाल्यानंतर. दोष कुणा एकाचा नव्हता. मागणीपत्र गेलं पूर आल्यावर, मंजुरी आली पाणी ओसरताना, आणि गोळ्या आल्या चिखल वाळल्यावर.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. पूरकाठच्या गावांची आरोग्यतयारी पुलावरच्या आकड्याला बांधू नये, समुद्राच्या इशाऱ्याला बांधावी. 1 जूनपूर्वी मिरज, पलूस, वाळवा आणि शिराळा तालुक्यांतल्या नदीकाठच्या उपकेंद्रांत ओआरएस, क्लोरीन, डॉक्सिसायक्लिन आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत सर्पदंशाची लस असलीच पाहिजे. प्रत्येक गावात आशाताईंकडे चार याद्या हव्यात: दिवस भरत आलेल्या गरोदर बाया, डायलिसिसवरचे रुग्ण, इन्सुलिन घेणारे आणि क्षयरोगाच्या गोळ्या चालू असलेले. अतिवृष्टीचा इशारा आला की पहिल्या दोन याद्यांतली माणसं पाणी चढण्याआधी हलवायची. 2019 मध्ये ब्रह्मनाळला बचावाची बोट उलटून जी माणसं गेली, ती आठवली की पाणी चढल्यावर माणसं हलवणं किती जोखमीचं असतं ते कळतं. रुग्णालयांचे औषधसाठे आणि जनरेटर तळमजल्यावर ठेवण्याची सवयही सोडायला हवी.

घरी काय करायचं, तेही सांगतो. मधुमेह, रक्तदाब, फेफरं यांच्या महिनाभराच्या गोळ्या आणि चिठ्ठीची झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत भरून ठेवा. पूर ओसरल्यावर पाणी खळखळून उकळूनच प्या. साफसफाईला गमबूट आणि हातमोजे घालूनच उतरा. जखम असेल तर चिखलात जाऊ नका. लेप्टोची प्रतिबंधक गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्या, गरोदर बाया आणि लहान मुलांना ती परस्पर देऊ नका. पाण्यात वावरल्यानंतर महिनाभरात ताप आला, तर डॉक्टरांना 'मी पुराच्या पाण्यात होतो' हे न विचारताही सांगा. त्या एका वाक्यानं निदान दोन-तीन दिवस आधी होतं. साप चावला तर चिरा मारू नका, घट्ट बांधू नका, हालचाल कमी ठेवून थेट दवाखाना गाठा.

मावशींना मी यंदा पाण्याचं उत्तर दिलं नाही. दोन महिन्यांच्या गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणालो, "मावशी, पाणी चढेल की नाही ते समुद्राला ठाऊक. पण चढायच्या आधी तो आपल्याला सांगतो. सांगितलं की लेकीकडे विश्रामबागेला या, पाणी दारात यायची वाट बघू नका."

त्या म्हणाल्या, "मागच्या टायमालाबी सांगितलंच हुतं की. ऐकलं कुणी?"